तोडणकरांची माडी

"खालून बघून काय कळणार मॅडम? वर या, वर!"

दत्ताराम तोडणकर जिन्याच्या मध्यावर उभे राहून मला बोलावत होते. पायऱ्यांवर सांडलेलं सिमेंट तसंच वाळून गेलं होतं. मी भिंतीच्या कडेकडेने वर गेले.

वर एकच लांबलचक खोली होती. विटा उघड्या, डोक्यावर पत्रे, तीन बाजूंना खिडक्या. समोरच्या खिडकीतून खाडी दिसत होती, पलीकडे कांदळवन आणि त्याच्या मागे बर्फाचा कारखाना. तोडणकर तिथे फोरमन होते. खिडकीत हात टेकून ते म्हणाले, "आता येऊ दे काय यायचं ते. मागच्या पुरात आम्ही दोघं कौलांवर बसून होतो. ही म्हणाली, पुढचा पूर मी कौलांवर बसून बघणार नाही."

"आणि परवानगी?"

"गेलो होतो ना तुमच्या ऑफिसात. नकाशा आणा, पूररेषेचा दाखला आणा, पाटबंधारे खात्याचं मत आणा. म्हटलं, हे सगळं गोळा होईपर्यंत आमचीच हाडं गोळा करावी लागतील."

ते हसले. मी हसले नाही. सावरवेळ नगरपरिषदेत मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होते आणि घरांच्या बांधकाम परवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं. आमचं गाव नदी आणि खाडीच्या बेचक्यात वसलेलं. वरून नदीचं पाणी आणि खालून भरती एकाच वेळी आली की खालची आळी बुडायची. सरकारने नदीकाठाने दोन पूररेषा आखून दिल्या होत्या, निळी आणि लाल. निळीच्या आत काहीच बांधायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मधे बांधता यायचं, पण अटी पाळून. तोडणकरांचं घर या मधल्या पट्ट्यात होतं. रीतसर अर्ज केला असता तर कधी ना कधी परवानगी मिळाली असती.

पण मला खटकलं होतं ते वेगळंच. मी खाली उतरून भिंतीला हात लावला. जुने चिरे, मधे चिखलाचा थर. त्यावर थेट लोखंडी गर्डर टेकवून स्लॅब घातला होता.

"पाया कोणी तपासला?"

"माझ्या आजोबांनी बांधलेल्या भिंती आहेत या. हललेल्या बघितल्यात कधी?"

"आजोबांच्या वेळी त्यांनी कौलं पेलली. आता स्लॅब पेलायचाय. आणि वर माणसं."

मी नोटीस काढून त्यांच्या हातात दिली. विनापरवाना बांधकाम, धोकादायक, काढून टाकावे. तोडणकरांनी ती वाचली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. तेवढ्यात सुगंधावहिनी चहा घेऊन आल्या.

"चहा तरी घ्या," तोडणकर म्हणाले.

नोटीस दिली त्या घरात पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा माझा नियम होता. मी नको म्हटलं आणि निघाले.

निघून गेले कुठे, तर शेजारच्याच घरात. मधे कमरेइतका दगडी गडगा, त्याच्या पलीकडे माझी थोरली बहीण, नलूताई. भाऊजी जहाजावर, वर्षातून एकदा घरी. घरात ताई आणि तिच्या सासूबाई. त्यांना सगळी आळी बायजी म्हणायची. अर्धांगाने त्यांची डावी बाजू गेली होती. खाटेवर पडल्या पडल्या त्या आळीचा कारभार बघत. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या मुलीचं ठरलं, सगळं त्यांना आधी कळायचं.

"दिलीस नोटीस?" ताईने कप पुढे करत विचारलं.

"द्यावीच लागणार होती. त्या भिंतींवर ती माडी पडेल एक दिवस."

"त्याने बांधून टाकलं. आणि मी तुझं ऐकून अर्ज केला." ती रागावली नव्हती, नुसतं सांगत होती. "दिवाळी झाल्यावर दिला होता, हेमे. आता वैशाख संपत आला."

तिलाही वर एक खोली हवी होती. बायजींना पाण्यातून उचलून ठेवायला. मीच तिला बसवून सगळं समजावलं होतं. जुन्या भिंतींवर भार नको, नव्या पायावर चार खांब उभारू, त्यावर खोली. नकाशा चांगला झाला होता. फक्त पाटबंधारे खात्याचं मत यायचं होतं. ते आल्याशिवाय माझ्या टेबलावरून पुढे काही होणार नव्हतं.

"तू तिथे एक फोन कर ना. ओळखतेस ना त्यांना?"

"मी कसा करू, ताई? माझ्या सहीने परवाने जातात. उद्या लोक म्हणतील, स्वतःच्या बहिणीचं काम आधी करून घेतलं. आत्ताच मी शेजारी नोटीस देऊन आलेय."

"लोक म्हणतील," ताई म्हणाली. मग आत बायजींकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मागच्या वेळी खाट टेबलावर चढवली होती. पाणी टेबलाच्या फळीला लागून थांबलं म्हणून निभावलं."

"थोडी वाट बघ."

आतून बायजींनी विचारलं, "हेमा आली का गं? तोडणकराची माडी झाली का बघ म्हणावं. खिडक्या कशा काढल्यात?"

"छान काढल्यात, बायजी," मी म्हणाले.

आषाढातल्या अमावस्येला पाणी आलं. पहाटेपासून डोंगराकडे पाऊस कोसळत होता आणि सकाळी भरतीची वेळ होती. नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावर आम्ही फोन घेऊन बसलो होतो. ज्या ज्या आळीतून फोन येई तिचं नाव लिहायचं, होड्यांच्या मालकांना कळवायचं. होड्या निघत होत्या, पण बाजारपेठेत रस्त्याखालच्या मोरीपाशी पाण्याला ओढ इतकी होती की खालच्या आळीकडे एकही वळेना. बचाव पथक घाटात अडकलं होतं.

ताईचा पहिला फोन आला तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलं होतं. मी तिला खाट टेबलावर घ्यायला सांगितलं. दुसरा फोन आला तेव्हा तिच्या आवाजामागे पाण्याचा आवाज होता.

"हेमे, टेबल तरंगतंय."

"होडी पाठवते. धीर धर."

"होडी येत नाही, मला माहितीये. ऐक. तोडणकर गडग्यावर उभे आहेत. ते आणि वहिनी म्हणतायत, दार काढतो आणि बायजींना दारावर घालून नेतो. आळीतली सगळी माणसं त्यांच्याकडे वर गेलीत. तू म्हणाली होतीस, ती माडी पडेल. जाऊ का?"

मला भिंत दिसली. चिऱ्यांमधला चिखल दिसला, आणि त्याला लागलेलं पाणी. त्यावर गर्डर, स्लॅब, विटा, आणि आळीतली सगळी माणसं. चिखल भिजला की काय होतं ते मी शिकले होते. शेजारच्या टेबलावरचा फोन वाजत होता, तो कोणी उचलत नव्हतं.

"हेमे?"

"जा," मी म्हणाले. "जा, ताई. खोलीच्या मधे गर्दी करू नका. कोपऱ्यांत बसा, भिंतींच्या कडेला. आणि कोणालाही उड्या मारू देऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन गेला.

त्यानंतर लागला नाही. आळीत कोणाचाच लागेना. मी फोन घेत होते, नावं लिहीत होते, कोणाकोणाला धीर देत होते. कोणीतरी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली, ती तशीच राहिली. डोक्यात सारखं एकच चालू होतं. किती माणसं वर असतील, एकेकाचं वजन किती, गर्डरच्या टोकाखाली चिरा किती. मला उत्तर येत होतं. ते येऊ नये म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून धरत होते.

मुख्याधिकारी एकदा माझ्यापाशी आले. "पेवेकर, तुमची बहीण खालच्या आळीत ना? सुखरूप?"

"शेजाऱ्यांच्या माडीवर आहे."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि पुढे गेले.

दुपार कलल्यावर ओहोटी लागली. पाणी कमरेपर्यंत उतरल्यावर एका होडीवाल्याने मला आत नेलं. आळीच्या वळणावर मी डोळे मिटून घेतले होते. होडीवाला म्हणाला, "उभी आहे बघा."

खिडक्याखिडक्यांतून माणसं दिसत होती. कोणीतरी लुगडं पिळून वाळत घातलं होतं. मी जिन्यावरून वर गेले तर ताई कोपऱ्यात बसलेली, मांडीवर बायजींचं डोकं. बायजी गाढ झोपल्या होत्या. अंगावर सुगंधावहिनींची शाल. ताईने मला बघितलं आणि नुसती मान हलवली. मी तिच्याजवळ बसले. मला रडू आलं, तिला आलं नाही.

तोडणकरांच्या पायाला मोठी जखम झाली होती, पंचा बांधला होता. "मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही चहा घेतला असतात, पण आज आमच्याकडे गॅसच नाही. खाडीत गेला."

सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी ती माडी मला जगातली सगळ्यात सुंदर जागा वाटली.

पूर ओसरल्यावर वरून पाहणी आली, बैठका झाल्या, आणि आदेश निघाला. पूररेषेतली विनापरवाना बांधकामं काढा. ज्यांना नोटिसा आधीच दिल्यात तिथून सुरुवात करा. त्या वर्षी आमच्या गावात नीट नोटीस दिलेली, पंचनामा झालेली, नकाशासकट पूर्ण अशी प्रकरणं मोजकीच होती. माझं काम चोख असे. पहिलं नाव तोडणकरांचं निघालं.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. "साहेब, त्या माडीने अख्खी आळी वाचवली. माझी बहीण तिथे होती."

"मला माहितीये. पण धोकादायक असं तुम्हीच लिहिलंय. आता नाही असं लिहून देता? पुन्हा जाऊन बघा. तसं असेल तर मी वर कळवतो."

माझ्यासाठी त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. मी मनाशी ठरवूनच तिथे गेले. थोडंफार कमीजास्त असेल तर सोडून द्यायचं. गर्डरखाली टेकू सुचवायचे, भिंत बांधून घ्यायला सांगायचं, आणि सुरक्षित म्हणून लिहायचं.

खाडीच्या बाजूची भिंत पोटातून बाहेर आली होती. चिऱ्यांमधला चिखल पाण्याने धुऊन नेला होता. गर्डर जिथे टेकला होता तो चिरा उभा फुटला होता आणि त्या फटीत माझी बोटं मुळापर्यंत गेली. मी खालपर्यंत बघत गेले. टेकू लावायला खाली भक्कम असं काही राहिलंच नव्हतं.

मी तोडणकरांना बोलावलं. त्यांचा हात धरून त्या फटीत घातला.

त्यांनी बोटं फटीत वर-खाली फिरवून बघितली. मग म्हणाले, "पण त्या दिवशी धरलं ना?"

"धरलं."

"मग?"

"पुढच्या वेळी धरणार नाही. कदाचित पुढचा पूर यायचीही गरज नाही."

सुगंधावहिनी दारात उभ्या होत्या. "माणसं वर बसली होती तेव्हा हे असंच होतं?" त्यांनी विचारलं.

"असंच होत आलं असेल."

त्या खाली बसल्या. तोडणकरांनी फटीतून हात काढला, धोतराला पुसला. "मॅडम, एक करा. पाडायचं तर तुम्हीच उभ्या राहा. दुसरा कोणी आला तर वरच्याबरोबर खालचंही लोळवेल. खालचं घर राहिलं पाहिजे."

"राहील," मी म्हणाले.

मी अहवाल लिहिला. जसं होतं तसं लिहिलं.

त्याच दिवशी मी पाटबंधारे खात्याला फोन केला. लोक काय म्हणतील याचा विचार आता उरला नव्हता. पलीकडच्या माणसाने अर्जाचा क्रमांक विचारला, थांबा म्हणाला, आणि परत येऊन म्हणाला, "अहो, हे तर साधं आहे. कोणी विचारायलाच आलं नाही म्हणून खाली राहिलं. पाठवतो." त्या आठवड्यातच त्यांचं मत आलं आणि मी ताईचा परवाना तयार केला. सहीला मुख्याधिकाऱ्यांकडे नेला, माझी सही त्यावर नको म्हणून.

परवाना घेऊन गेले तेव्हा ताई अंगणातला गाळ खोऱ्याने ओढून काढत होती. तिने हात धुतले, परवाना वाचला.

"एका फोनवर आला?"

"हो."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि मला जवळ बसायची खूण केली.

"त्या दिवशी फोनवर तू गप्प राहिलीस," ती म्हणाली. "मी विचारलं, जाऊ का, आणि तू गप्प. तेव्हाच मला कळलं की ती पडू शकते. तू 'जा' म्हणालीस ते खात्री होती म्हणून नाही, दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून."

"हो."

"दिवसभर मी भिंतीकडे बघत बसले होते. बाकीचे खाडीकडे बघत होते, मी भिंतीकडे. कोणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार?"

मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला, पण तिचा हात तसाच गार पडून राहिला. मग तिने परवान्यासोबतचा नकाशा उलगडला.

"जिना घरातून दाखवलाय. मला बाहेरून हवाय. गडग्याच्या बाजूने."

"का?"

"तोडणकरांनी कुठून वर यायचं मग? आणि आळीने?"

"नकाशा बदलावा लागेल. पुन्हा अर्ज."

"करू की. वाट बघायची मला सवय आहे."

तो जिना तिने बाहेरूनच बांधून घेतला. अजून आहे. नंतरच्या दोन पुरांत आळी त्याच जिन्याने वर गेली. मी आता निवृत्त झाले आहे. कधी ताईकडे गेले की त्या जिन्याच्या पायथ्याशी बसते, वर जात नाही. ताई कधी कारण विचारत नाही.

तोडणकरांची माडी पाडायला त्याच वर्षीच्या श्रावणातला उघडिपीचा दिवस मिळाला होता. पत्रे आधीच उतरवले होते. खिडक्या तोडणकरांनी स्वतः सोडवून नीट बाजूला लावल्या. मग गवंड्यांनी वरच्या विटा हातोड्याने सुट्या करायला घेतल्या. मी खाली उभी राहून कुठवर काढायचं, कुठे थांबायचं ते सांगत होते. आळीतली माणसं आपापल्या दारांत होती. कोणी मला काही बोललं नाही. एरवी दिसले की "काय मॅडम" म्हणणारेही बोलले नाहीत.

दुपारी ऊन चढल्यावर मी पाणी प्यायला ताईकडे आत गेले. खाट पुन्हा खाली, खिडकीजवळ आली होती. भिंतीवर पाण्याची ओल छातीएवढ्या उंचीपर्यंत दिसत होती. बायजी जाग्या होत्या. त्यांना ऐकू चांगलं यायचं, पण खाटेवरून गडग्यापलीकडचं दिसायचं नाही.

"हेमा, ठोकाठोकी कुठे चाललीय गं? आपली खोली चढली का?"

"नाही बायजी," ताई म्हणाली. "आपली अजून व्हायचीय. शेजारी चाललंय."

"तोडणकराकडे?" बायजींचा चेहरा उजळला. त्यांचा उजवा हात पांघरुणावर सरकला. "आणखी वाढवतोय वाटतं. बरं करतोय बिचारा. मोठी कर म्हणावं. त्या दिवशी सगळे अगदी अंग चोरून बसले होते. माझ्यामुळे कोणाला पाय पसरता आले नाहीत."

मी ताईकडे बघितलं. ताईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने बायजींच्या डोक्याखालची उशी सारखी केली.

"सांगते हं, बायजी," ती म्हणाली. "सांगते त्यांना."

"आणि हेमा, तू तिथे आहेस ना? मग काळजी नाही. तू नीट बघून करून घे त्याच्याकडून."

मी पेला खाली ठेवला. बाहेरून तोडणकरांची हाक आली, "मॅडम, जरा येता? हा गर्डर कुठून कापायचा, दाखवा ना."

मी उठले, बाहेर गेले आणि दाखवलं.